पिकअपच्या पाट्यांना हवेचा आधार : ट्रॉली ओढणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

लग्नसराईत साउंडप्रूफ जनरेटर ट्रॉलीवर नेणारे केटरर, खाद्यपदार्थांचा ट्रेलर घेऊन जत्रेला जाणारे, सुट्टीत होडी घेऊन महेश्वर किंवा हनुवंतियाला निघणारे, अशी मंडळी आता इंदूरच्या बायपासवर सहज दिसतात. पुढे डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी पिकअप आणि मागे ट्रॉली. यांतल्या बऱ्याच गाड्या मागून बसलेल्या असतात. हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातात, स्टेअरिंग हलकं लागतं आणि प्रत्येक गतिरोधकावर मागून ‘धप्प’ असा आवाज येतो.

गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं असतं : “भिया, एक पट्टा और डलवा लो,” म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये आणखी एक पाटा घाला. रोज, बारा महिने एकच वजन वाहणाऱ्या गाडीला तो सल्ला योग्यच आहे. पण आठवड्याचे पाच दिवस गाडी रिकामी ऑफिसला जाणार आणि दोन दिवस ट्रॉली ओढणार असेल, तर वाढवलेला पाटा त्या पाच दिवसांत पाठ मोडतो. रिकामी गाडी मागून उडते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं पकड सोडतात. अशा वापराला हवेचे बलून बरे, कारण वजन उतरलं की त्यांतली हवाही कमी करता येते.

बलून नक्की काय करतो

इंदूर-पुणे रात्रीच्या आरामदायी बसमधून गेला असाल तर हवेवर तोललेली गाडी तुम्हाला ठाऊक आहे. पिकअपमधला प्रकार मात्र वेगळा. बसचं सगळं वजन हवेवर असतं. पिकअपमध्ये मूळचे पाटे जागेवर राहतात आणि चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) व मागच्या हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या कवचाच्या) मध्ये, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन रबरी बलून मदतीला बसतात. वजनाने पाटा जितका दबला असता त्यातला काही भार बलून उचलतो, म्हणून गाडीची पाठ वर येते.

तेवढंच त्याचं काम. गाडीची वजन वाहण्याची किंवा ओढण्याची मर्यादा त्याने एक किलोनेही वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच, टायर तेच, ब्रेक तेच, हाउसिंग आणि बेअरिंग तीच. गाडी सरळ उभी दिसते म्हणून आणखी दोन क्विंटल चढवणारे लोक मी पाहिले आहेत आणि या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. बसलेली पाठ ही गाडीने दिलेली सूचना असते. बलून बसवला की ती सूचना बंद होते, म्हणून त्याआधी वजन माहीत असलंच पाहिजे.

पहिलं काम : काटा

पान्याला हात लावण्याआधी धर्मकाट्यावर (ट्रक तोलायच्या काट्यावर) जा. इंदूरच्या देवास नाका, लोहामंडी अशा ट्रकांच्या वर्दळीच्या भागांत तो मिळतो. नेहमीच्या सामानासह, भरलेल्या टाकीसह, नेहमी बसणाऱ्या माणसांसह गाडीचं वजन करा. मग ट्रॉली जोडून फक्त गाडीची चारही चाकं काट्यावर घ्या. जमलं तर फक्त मागची दोन चाकं घेऊन तिसरं वजनही करा. शेवटी ट्रॉली सोडून तिचं वेगळं. पावत्या जपून ठेवा आणि आकडे आरसी व गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादांशी ताडून पाहा : एकूण वजन, मागच्या एक्सलचं वजन, ओढण्याची मर्यादा आणि ट्रॉली जोडायच्या हुकवर चालणारा भार. यांतला एकही आकडा ओलांडला असेल तर इथेच थांबा. आधी सामान कमी करायचं, बलूनचा विचार मग.

हुकवरचा भार मात्र धर्मकाट्यावर नीट कळत नाही. मोठा काटा पाच-दहा किलोच्या पायऱ्यांनी आकडा दाखवतो. त्यासाठी भुसारी दुकानात पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो घ्या. सपाट जागी काटा ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा किंवा पाइपचा तुकडा उभा करा आणि ट्रॉलीचं तोंड त्यावर टेकवा. तोंडाची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी, नाहीतर आकडा चुकतो. ट्रॉलीच्या चाकांना आधी उटी (चाक घसरू न देणारी पाचर) लावायला विसरू नका.

हा भार ट्रॉलीच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा. १,२०० किलोच्या ट्रॉलीला १५० किलो म्हणजे ठीक. पाठ बसते म्हणून काहीजण जनरेटर ट्रॉलीत मागे सरकवतात. गाडी लगेच वर येते, पण ८० च्या वेगाला ट्रॉली शेपटासारखी डोलू लागते आणि मग ती आवरणं ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. तोंडावरचा भार कमी करून पाठ उचलायची नाही, हा नियम पक्का धरा.

थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

हुक मागच्या एक्सलच्या मागे असतो. समजा ते अंतर १.२ मीटर आहे. डी-मॅक्स आणि हायलक्स दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) सुमारे ३.१ मीटर. हुकवर १५० किलो पडले की गाडी मागच्या एक्सलवर तरफेसारखी वागते. पुढच्या चाकांवरून १५० × १.२ ÷ ३.१, म्हणजे सुमारे ५८ किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर १५० ऐवजी २०८ किलो येतात. स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळे.

बलून फुगवल्यावर गाडी सरळ दिसते, पण हे ५८ किलो पुढे परत जात नाहीत. वजन कुठे पडणार हे अंतरांवर ठरतं, स्प्रिंग कुठली आहे यावर नाही. म्हणून बलून लावूनही पुढचं टोक हलकंच वाटत असेल तर आणखी हवा भरून उपयोग नाही. हुकवरचा भार तपासा, डाल्यातलं (मागच्या उघड्या हौद्यातलं) जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि हुक विनाकारण लांब पट्टीवर बाहेर काढला असेल तर तो आत घ्या.

दुसरी गोष्ट चेसिसची. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांवर वाटून देतो. बलून मात्र एक्सलच्या बरोबर वर, एकाच जागी चेसिसला खालून रेटतो. डाल्याच्या शेवटी जड पेटी, मागे ट्रॉली आणि बलून कचकचीत फुगवलेले, असं असताना खराब रस्त्यावर मोठा खड्डा आला तर केबिनच्या मागे चेसिस वाकू शकते. डबल केबिनच्या पिकअपमध्ये हा धोका जास्त, कारण डाला मागे सरकलेला असतो. हे घडतं तेव्हा बहुधा वजन आणि हवा दोन्ही मर्यादेबाहेर असतात.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त वजनाचा दंड वेगळा : २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. म्हणून बलूनचं किट घेण्याआधी नायता मुंडल्याच्या आरटीओत विचारा, गाडीच्या अधिकृत डीलरकडून वॉरंटीबद्दल विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्या. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते. हे सगळं आधी करायचं, कारण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

किट निवडताना

तुमच्याच मॉडेलसाठी, तुमच्याच वर्षाच्या गाडीसाठी बनवलेलं किट घ्या. चेसिसला भोक पाडावं लागेल किंवा वेल्डिंग करावं लागेल असं कुणी म्हणालं तर ते किट सोडा. चांगलं किट चेसिसवर असलेल्या भोकांत आणि बम्प रबरच्या (पाटा पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या रबराच्या) जागेत बोल्टने बसतं. पाट्याच्या गाडीला बाहीसारखा सरळ किंवा दोन वळ्यांचा बलून येतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगच्या पोटात बसणारा लांबट बलून असतो, तो पाट्याच्या गाडीला चालत नाही.

डाव्या-उजव्या बलूनला वेगवेगळी नळी आणि वेगवेगळा व्हॉल्व्ह असलेलंच किट घ्या. दोन्ही एका नळीवर जोडले तर वळणावर बाहेरच्या बाजूच्या बलूनमधली हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. केबिनमधून बटणाने हवा भरणारा कॉम्प्रेसर सुरुवातीला नको. बलूनचं पोट लहान असतं, सायकलच्या पंपानेही ते भरतं.

बसवताना

मेकॅनिककडून करून घेतलं तरी शेजारी उभे राहा. काम साध्या पान्यांचं आहे, पण टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा) हवाच.

१. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपने मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. पुढे सगळं याच आकड्यांवर चालणार आहे.

२. पुढच्या चाकांना उटी लावा. मागून चेसिसला जॅक देऊन उचला आणि चेसिस लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

३. बम्प रबर काढा. रबर आणि बोल्ट पिशवीत घालून जपा, किट कधी काढलं तर लागतील.

४. बलूनला वरचा-खालचा ब्रॅकेट आणि हवेची नळी जोडायचा कोपरा (एल्बो) टेबलवरच जोडून घ्या. गाडीखाली आडवं पडून कोपऱ्याचे आटे तिरके जाण्याची शक्यता फार.

५. वरचा ब्रॅकेट चेसिसला, खालचा पाट्यावर किंवा हाउसिंगवर. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, बलून वर-खाली एका रेषेत आला की मग पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची तार यांपैकी काहीही ब्रॅकेटखाली दबता कामा नये. मेकॅनिक घाईत असेल तर टॉर्च घेऊन स्वतः बघा.

६. बलूनभोवती सगळीकडून बोट-दोन बोटं मोकळी जागा हवी, कारण फुगल्यावर तो बाजूलाही पसरतो. सायलेन्सरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर. तेवढी जागा नसेल तर किटमधला उष्णतारोधक पत्रा लावाच. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करतो तेव्हा धूर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

७. नळी धारदार ब्लेडने काटकोनात, एका झटक्यात कापा. पक्कडीने कापली की टोक चपटं होतं आणि तिथूनच हवा निसटते. गळतीच्या तक्रारी बहुधा बलूनच्या नसतात, या टोकाच्या असतात. नळी कोपऱ्यात अडेपर्यंत ढकला, मग हलकेच मागे ओढून पकड बघा. चेसिसच्या आतल्या बाजूने, धारदार कडांपासून दूर नेऊन टाय मारा, पण नळी पिचकेल इतका घट्ट नको. व्हॉल्व्ह नंबरप्लेटजवळ आणा. डावा कुठला, उजवा कुठला, रंगाने खूण करा.

८. चाकं जमिनीवर टेकवण्याआधी बलूनमध्ये किटने सांगितलेला किमान दाब भरा. सुटा, दोन्हीकडून न बांधलेला बलून मात्र कधीही फुगवू नका.

९. गाडी खाली घेऊन ३० पॉइंटपर्यंत (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर हवा सोडा, टोक नव्याने कापा, पुन्हा जोडा. दाब लिहून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी गेज लावल्यावर एक-दोन पॉइंट कमी दिसणं साहजिक आहे, कारण इतक्या लहान पोटातून गेज लावतानाच तेवढी हवा जाते. पाच-सहा पॉइंट उतरले असतील तर गळती शोधा.

ब्रेकची एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही

बऱ्याच पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या मॉडेलांत, मागच्या हाउसिंगपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. पाठ दबली की तो व्हॉल्व्ह समजतो, गाडी भरलेली आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. बलूनने पाठ उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते. म्हणजे मागे सर्वांत जास्त वजन असतानाच मागचे ब्रेक कमी लागतात. गाडीखाली ही दांडी दिसली तर किटच्या पुस्तिकेत आणि सर्व्हिस सेंटरला विचारून ती नव्या उंचीला जुळवून घ्या. अंदाजाने वाकवू नका. मानपूरच्या पुढचा घाट उतरताना याची किंमत कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. जड ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक हवेत, ही गोष्ट बलूनमुळे बदलत नाही.

हवा किती

इथे बहुतेक नवखे जास्त भरतात. बलूनचा जोर म्हणजे दाब गुणिले त्याचं क्षेत्रफळ. १० पॉइंट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. बलूनचं प्रत्यक्ष काम करणारं क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर धरलं तर एक बलून १० पॉइंटला ८४ किलो उचलतो, दोन मिळून १६८. वरच्या उदाहरणातल्या २०८ किलोंना १२-१३ पॉइंट पुरतात. डाल्यात एक्सलच्या वर आणखी दोनशे किलो असतील तर २५ च्या आसपास. बलूनवर कमाल दाब १०० लिहिलेला असतो म्हणून ७० भरणाऱ्याची गाडी फक्त उडते आणि तिच्या चेसिसला दणके बसतात.

रीत अशी. किमान दाबावर ट्रॉली जोडा, सामान चढवा, माणसं बसवा. मागची उंची मोजा. समजा रिकाम्यापेक्षा ५५ मिलिमीटर खाली आली आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच पॉइंट भरत प्रत्येक वेळी टेप लावा. रिकाम्या उंचीच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली पाठ आली की थांबा. रिकामी पिकअप मुळातच मागून उंच असते, तिथपर्यंत परत नेण्याची गरज नाही. पुढची उंचीही मोजा, ती रिकाम्या आकड्यापेक्षा बरीच वर असेल तर हुकवरचा भार जास्त आहे. डावी-उजवी बाजू वेगळी दिसली तर दाबात थोडा फरक ठेवता येतो, पण त्याआधी सामान मधोमध आणून बघा. पेट्रोल पंपावरच्या मशीनने भरू नका, टायरच्या मापाचा तो झोत बलूनला क्षणात चाळीसवर नेतो.

टायरची हवा याच्याशी जोडू नका. ती दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे, भरलेल्या गाडीची.

रस्त्यावर

पहिली फेरी इंदूरच्या रुंद सुपर कॉरिडॉर रस्त्यावर, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना. आधी ४०, मग ६०. ब्रेक हळू आणि मग जोरात लावून बघा, गाडी एका बाजूला खेचते का ते पाहा. रात्री भिंतीवर हेडलाइट टाकून उंची जुळवा. घाटात, मग तो सिमरोलकडचा असो की मानपूरकडचा, लगेच जाऊ नका. आधी महूपर्यंत जाऊन या, उतरा, गाडीखाली बघा : बलूनवर घासल्याची चकाकी, नळीवर उष्णतेचा डाग, सैल नट. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. पाट्यांचे यू-बोल्टही त्याच वेळी.

नंतरची देखभाल थोडीच आहे. ट्रॉली सोडली की दाब पुन्हा किमानवर आणा, शून्यावर मात्र कधीच नाही. रिकाम्या बलूनच्या वळ्या ब्रॅकेटमध्ये चिमटून फाटतात. पावसाळ्यात चिखल वळ्यांत बसतो आणि वाळला की रबर खरवडतो, म्हणून गाडी धुताना साध्या पाण्याचा फवारा तिथेही मारा. त्यावर डिझेल किंवा ग्रीस नको. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, दाब बघा.

गाडीत हातभर जास्तीची नळी, दोन जोड, एक ब्लेड आणि सायकलचा पंप ठेवा. वाटेत एका बाजूची हवा गेली तर वेग कमी करून कडेला थांबा आणि दुसऱ्या बाजूचीही किटच्या किमान दाबापर्यंत उतरवा, म्हणजे गाडी कलणार नाही. मूळचे पाटे वजन धरून ठेवतात. खड्डे चुकवत, तीस-चाळीसच्या वेगाने पुढच्या ढाब्यापर्यंत पोचता येतं. तिथे उजेडात नळीचं टोक नव्याने कापून जोडा. बलूनच फाटला असेल तर ट्रॉली तिथेच सोडून द्या आणि तिच्यासाठी दुसरी गाडी बोलवा.